गुंजीच्या नावाची चिठ्ठी

एक होती मधमाशी. इवलीशी. तिचं नाव गुंजी. उडायची कशी? गुं गुं गुं!

डोंगरावर कारवी फुलली. कितीतरी वर्षांनी फुलली. जांभळी जांभळी, निळी निळी! गुंजी या फुलावर गेली. गुंजी त्या फुलावर गेली. दमली, पण थांबली नाही. बाटलीभर मध केला.

डोंगरावर कुंतामावशी राहायची, मध विकायची. तिचा फोन वाजला. टिंग!

शहरातल्या रेवाच्या आईने मध मागवला. "कारवीचाच मध हवा. कुणी केला, तेही लिहा."

मावशीने चिठ्ठी लिहिली. 'मध केला गुंजीने.' पेनातली शाई संपली. चिठ्ठी एकच!

"आता स्कूटर येईल. तुझी बाटली नेईल," मावशी म्हणाली.

गुंजीची छाती फुगली. एवढीऽऽ!

तेवढ्यात वारा आला. फूऽऽ! चिठ्ठी उडाली. बोरीच्या काट्यात अडकली. वारा मात्र जाऊन झोपला. खोडकर कुठला!

"मध मी केला. रेवाला कसं कळणार?" गुंजीला रडूच आलं. पण रडत बसेल ती गुंजी कसली!

गुं गुं गुं! गुंजी गेली बोरीकडे.

"बोरीबाई बोरीबाई, चिठ्ठी सोडा."

बोरी म्हणाली, "मी नाही सोडत जा! वारा हलवेल, तर सोडीन."

गुं गुं गुं! गुंजी गेली वाऱ्याकडे.

"बोरी सोडेना, चिठ्ठी मिळेना. वारेदादा वारेदादा, उठा."

वारा म्हणाला, "मी नाही उठत जा! कोंबडा आरवेल, तर उठेन."

गुं गुं गुं! गुंजी गेली कोंबड्याकडे.

"वारा उठेना, बोरी सोडेना, चिठ्ठी मिळेना. कोंबडेदादा कोंबडेदादा, आरवा."

कोंबडा म्हणाला, "मी नाही आरवत जा! माझ्या पोटात कावळे ओरडतायत. बाजरी मिळेल, तर आरवेन."

गुं गुं गुं! गुंजी गेली मावशीकडे.

"कोंबडा आरवेना, वारा उठेना, बोरी सोडेना, चिठ्ठी मिळेना. मावशी मावशी, बाजरी घाल."

मावशी म्हणाली, "कुठून घालू गं? डबा रिकामा! फोनवरून मागवलीय. स्कूटर येईल, तर घालीन."

गुं गुं गुं! गुंजी गेली डोंगराखाली. तिथे स्कूटर उभी. स्कूटरवर खोकं. खोक्यात बाजरी. आणि स्कूटरवाली शेवंताताई डोकं खाजवतेय!

"मावशी घालेना, कोंबडा आरवेना, वारा उठेना, बोरी सोडेना, चिठ्ठी मिळेना. ताई ताई, लवकर ये."

शेवंताताई म्हणाली, "येऊ कशी गं? फोन म्हणतो, डावीकडे वळा. डावीकडे ओढा! फोन म्हणतो, उजवीकडे वळा. उजवीकडे म्हशी! हा डोंगर फोनला ठाऊकच नाही. कुणी वाट दाखवेल, तर येईन."

"वाट?" गुंजी म्हणाली. "वाट तर मीच दाखवते!"

मधमाश्या पत्ता कसा सांगतात? नाचून! गुंजी नाचली. गोल गोल, थुई थुई. असं वळायचं, तसं चढायचं.

"कळलं गं, कळलं!" शेवंताताई हसली.

पुढे गुंजी. गुं गुं गुं! मागे स्कूटर. फट फट फट!

स्कूटर आली. मावशीने बाजरी घातली. टिप टिप टिप! कोंबडा आरवला. कुकूऽऽच कू! वारा उठला. फूऽऽ! बोरी हलली. सळ सळ सळ! चिठ्ठी सुटली. भिरभिरत आली. बाटलीवर बसली. चप्!

बाटली निघाली शहराकडे. फट फट फट!

रेवाने मध चाटला. "आई, कुणी केला गं?"

आईने वाचलं, "मध केला गुंजीने."

"गुंजी! गुंजी! गुंजी!" रेवा नाचली. थुई थुई!

मावशीचा फोन वाजला. टिंग! "आणखी मध हवा. गुंजीचाच हवा!"

शेवंताताई पुन्हा आली. या वेळी वाट चुकली नाही. तिने फोन दाखवला. आता फोनच्या नकाशात डोंगर होता. ताईनेच टाकला होता. डोंगराला नाव होतं. सांगा बरं, काय?

गुंजीचा डोंगर!

मध झाला फस्त, गोष्ट झाली मस्त. चला, बोटं चाटा!