लांबणारा, आखूडणारा दांडा

खारमाड नावाच्या बंदरावर द्वारका पांचाळ नावाची एक इंजिनमिस्त्री राहत होती. बंदरातल्या बत्तीस होड्यांची इंजिने ती एकटी सांभाळायची. वडिलांकडून हत्यारे आली होती, हात मात्र तिचा स्वतःचा होता. नुसत्या आवाजावरून इंजिनाचे दुखणे ओळखावे ते द्वारकाने.

होडीचे इंजिन म्हणजे तळाशी, फळ्यांखाली, अंधाऱ्या कप्प्यात दडलेले. त्याचे काही बोल्ट इतके आत की तिथे हात पोचायचा नाही. मग बोल्टच्या डोक्यावर टोपीसारखी बसणारी गोटी घ्यायची, गोटीला लोखंडी दांडा जोडायचा आणि दांड्याच्या वरच्या टोकाला मूठ लावून फिरवायचे. पण दांडा आखूड असला तर बोल्टपर्यंत पोचत नाही, आणि लांब असला तर मूठ वरच्या फळीला आपटते. प्रत्येक होडीचे इंजिन निराळे. द्वारका नऊ दांड्यांचे पोते खांद्यावर घेऊन फिरायची, आणि नेमका हवा असलेला दहावा दांडा तिच्याकडे कधीच नसायचा.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या होत्या. एके दिवशी ती हिरोजी नाखव्यांच्या होडीत उतरली. पंपामागचा एक बोल्ट काही केल्या हाती लागेना. वीतभर दांडा पोचेना, दीड वीत दांडा मावेना. दोन छोटे दांडे जोडले तर सांध्यातून डुगडुगायला लागले. शेवटी गोटी सटकली आणि तिच्या बोटांची सालटी निघाली.

वरून हिरोजी नाखवा हळहळले, "अगो, मापाचा दांडा असता तर ही पाळी आली नसती."

द्वारकाने फुंकर घालायला बोटे तोंडाशी नेली आणि तशीच थांबली. तिचे डोळे मोठे झाले.

"नाखवा, मापाचा दांडा नकोच! दांडा एकच हवा, आणि मापं सगळी त्याच्याच पोटात हवीत!"

एवढे बोलून ती होडीतून उडी मारून जी पळत सुटली ती थेट तिच्या कामाच्या खोपीत. खडू सापडेना, म्हणून कोळशानेच तिने दारावर चित्र काढले. एक गोल नळी, तिच्या आत सरकणारी गोल कांब. नळीला ओळीने भोके, कांबेला स्प्रिंगवर बसवलेली छोटी खिळी. खिळी दाबा, कांब हवी तेवढी बाहेर ओढा, सोडा. खिळी पुढच्या भोकात टक्क करून बसणार!

तिसऱ्या दिवशी दांडा तयार झाला. निम्मे बंदर हिरोजींच्या होडीभोवती जमले. द्वारकाने दांडा खाली सोडला, सव्वा वीत लांब केला. टक्क! मूठ फळीखाली जेमतेम बोटभर अंतर राखून फिरली, आणि अडून बसलेला बोल्ट निमूट सुटून आला. लोकांनी असा गलका केला की झाडावरचे बगळे उडाले.

मच्छीमार सोसायटीचे चेअरमन जनार्दन भोईर यांनी तिथल्या तिथे जाहीर केले, "नारळी पौर्णिमेला बत्तीसही होड्यांना एकेक दांडा मिळेल! दांड्यावर द्वारकाचं नाव कोरायचं. तालुक्याहून पाहुणे बोलवू."

द्वारकाला आता झोप गोड लागेना आणि जेवण आठवेना. कानस, करवत, भट्टी. पुन्हा कानस, करवत, भट्टी. दीड महिन्यात बत्तीस दांडे रांगेत उभे राहिले. येणारे-जाणारे मुद्दाम आत डोकावत आणि एखादा दांडा ओढून टक्क करून बघत. तो आवाज ऐकला की द्वारकाच्या अंगावर मूठभर मांस चढे.

पौर्णिमेला चार दिवस उरले होते. पहिला दांडा ती रोज एका भंगार इंजिनावर चालवून बघत असे आणि खेपा मोजत असे. त्या दिवशी फिरवताना तिच्या तळव्याला काहीतरी जाणवले. अगदी बारीक, खुळखुळल्यासारखे. तिने खिळी काढून उजेडात धरली. खिळीला एका बाजूने चावा बसला होता. नळीचे भोक पाहिले तर ते गोल राहिले नव्हते, तांदळाच्या दाण्यासारखे लांबट झाले होते.

तिने दांडा टेबलाला बसवलेल्या लोखंडी पकडीत आवळला, मुठीला लांब पाइप अडकवला आणि पूर्ण जोर लावला. खिळी तुटली. मूठ रिकामी फिरली आणि द्वारकाचे कोपर टेबलाच्या कडेवर आदळले. कळ मस्तकात गेली, पण तिला दिसत होते ते वेगळेच. भर समुद्रात, हेलकावणाऱ्या होडीत, तापलेल्या इंजिनावर वाकलेला कुणीतरी खलाशी.

चेअरमन आमंत्रणपत्रिका दाखवायला आले तेव्हा तिने त्यांना सगळे सांगितले.

"किती वेळा वापरल्यावर तुटेल?" त्यांनी विचारले.

"चारशे. फार तर साडेचारशे."

"मग हा हंगाम निघतोय की! पुढच्या वर्षी बदलून दे. अगं, तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला ठाऊक आहे?"

"खिळीला ठाऊक आहे, चेअरमनसाहेब."

चेअरमन हसले आणि पत्रिका ठेवून गेले. द्वारका मात्र त्या बत्तीस दांड्यांकडे बघत बसली. प्रत्येकावर तिचे नाव होते. इतकी सुंदर वस्तू तिने आयुष्यात केली नव्हती. चारशे वेळा तर चांगला चालतो, असे एक मन म्हणे. चारशे एकाव्या वेळी हात कुणाचा असेल, असे दुसरे विचारी.

पौर्णिमेचा दिवस उजाडला. होड्यांना पताका लागल्या, ताशे वाजले, पाहुणे खुर्च्यांवर बसले. द्वारकाला मंचावर बोलावले. ती आली ती एका हातात चारशे वेळा चालवून पाहिलेला दुसरा दांडा आणि दुसऱ्या हातात जड लोखंडी पकड घेऊन. सगळ्यांना वाटले, आता करामत बघायला मिळणार.

पकड मंचाच्या कडेला घट्ट बसवून तिने दांडा तिच्यात आवळला आणि ती म्हणाली, "हिरोजी नाखवा, वर या. ही मूठ धरा आणि जीव खाऊन ओढा."

"मोडेल की गो!"

"मोडावा म्हणूनच सांगते."

नाखव्यांनी ओढला. कट्ट! खिळी तुटून दांडा गरगरला. ताशे थांबले.

"बत्तीसच्या बत्तीस दांडे असेच आहेत," द्वारका म्हणाली. "चूक माझी आहे. यातला एकही दांडा मी कुणाच्या होडीत जाऊ देणार नाही."

मागून कुणीतरी फिदीफिदी हसले. "द्वारकाची आगकाडी!" कुणी ओरडले आणि हशा पिकला. चेअरमनांचा चेहरा लालबुंद झाला. समुद्राला नारळ वाहिला गेला, होड्या नव्या दांड्यांविनाच निघून गेल्या. आगकाडी हे नाव मात्र किनाऱ्यावर राहिले. पाणवठ्यावर, बाजारात, देवळाच्या पायरीवर ते तिच्या कानी पडे. ती घरी येऊन भट्टीसमोर बसे, पण भट्टी पेटवायला हात उठत नसे.

हिरोजी नाखव्यांची होडी सुकाणू ढिले झाल्यामुळे मागे राहिली होती. पाचव्या दिवशी ते खोपीच्या दारात येऊन उभे राहिले.

"मोडणारा दांडा दाखवलास. न मोडणारा कधी दाखवतेस?"

"नाखवा, लोक हसतायत."

"हसणाऱ्यांची दहाही बोटं शाबूत आहेत, म्हणून हसतायत. चल, माझं सुकाणू बघ."

द्वारका गेली. सुकाणूचा लाकडी दांडा काढला आणि तिची नजर खालच्या लोखंडी खांबाच्या डोक्यावर खिळली. ते डोके चौकोनी होते. दांड्याचे भोकही चौकोनी.

"नाखवा, हे गोल का नाही?"

"गोल असतं तर दांडा नुसता फिरला असता. समुद्र केवढा जोर लावतो! तो जोर खिळ्याने पेलायचा नसतो, कोपऱ्यांनी पेलायचा."

"कोपऱ्यांनी!" द्वारका किंचाळलीच. "अहो, मी सगळा पीळ त्या एवढ्याशा खिळीच्या डोक्यावर दिला होता! नळी चौकोनी, कांब चौकोनी. पीळ अंगाने घ्यायचा. खिळीने फक्त लांबी धरायची!"

सुकाणू घाईघाईने, पण नीट बसवून ती पळाली. त्या दिवशी खोपीतून कानशीचा आवाज थांबला नाही. जाड पत्र्याची चौकोनी नळी, तिच्यात केसाचीही फट न राहता सरकणारी चौकोनी कांब. पहिली कांब अडकली, दुसरी खुळखुळली, तिसरी लोण्यातून सुरी जावी तशी सरकली.

यावेळी तिने आधी नाव कोरले नाही. आधी तो दांडा पाच हजार वेळा फिरवला. मग होड्या परत आल्यावर किनाऱ्यावर पकड मांडली आणि हाक दिली, "आगकाडी म्हणणाऱ्यांनो, या! हा मोडून दाखवा!"

झुंबड उडाली. एकाने ओढला, दोघांनी ओढला. बंदरातला सर्वांत दांडगा खलाशी अंबो, त्याने मुठीला वल्ह्याएवढा पाइप लावला आणि दातओठ खाऊन लोंबकळला. काडकन आवाज झाला. लोक पुढे धावले. मोडली होती ती मूठ. दांडा जसाच्या तसा होता! द्वारकाने खिळी दाबली, कांब ओढली. टक्क! पुन्हा एकदा बगळे उडाले. मग एकेका होडीला नवा दांडा मिळू लागला, आणि आता त्यावर द्वारकाचे नावही कोरलेले होते.

महिन्याभराने चेअरमनांची स्वतःची होडी वादळी वाऱ्यात खडकांजवळ बंद पडली. आत त्यांचा धाकटा भाऊ होता. त्याने नवा दांडा सव्वा वीत लांब केला, खोलवरचा बोल्ट सोडवला, पंपाच्या नळीत अडकलेला कचरा काढला आणि बोल्ट पुन्हा आवळला. लाटा होडी आपटत होत्या, पण गोटी एकदाही सटकली नाही. इंजिन धडधडले आणि होडी खडक सोडून निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच चेअरमन द्वारकाच्या दारात आले.

"द्वारका," ते म्हणाले, "त्या दिवशी मी तुझं ऐकलं नाही. बरं झालं, तूही माझं ऐकलं नाहीस."

ही गोष्ट बंदरोबंदरी गेली. लांबलांबचे नाखवे खारमाडला येऊ लागले. दांडा कशाचा आहे, कसा चालतो, असले काही ते विचारत नसत. ते एवढेच म्हणत, "बाई, तुम्ही आधी मोडून बघितलाय ना?"

"बघितलाय."

"मग द्या."

तात्पर्य: ज्या वस्तूवर दुसऱ्याचा हात विसंबणार, तिची खोट करणाऱ्यानेच शोधावी आणि चारचौघांत कबूल करावी; हसे चार दिवसांचे असते, विश्वास जन्मभराचा.