काळ्या बिबट्याचे ठिपके

पूर्वी सालवती नगरीवर अरिंदम राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व कातडी कमावणाऱ्याच्या घरी जन्माला आला होता. त्याचे नाव रोहक.

त्या नगरीत ठिपक्यांचा बिबट्या देवीचे वाहन मानला जाई. त्याला मारणाऱ्याचा उजवा हात तोडत. काळा बिबट्या मात्र राक्षस, त्याला मारले की पुण्य. हे कोणी ठरवले, असे विचारण्याच्या फंदात कोणी पडले नव्हते.

एकदा राजाने स्वतः एक काळी मादी मारली. तिच्या गुहेत दोन पिल्ले सापडली, एक ठिपक्यांचे आणि एक काळे. राक्षसिणीने देवीचे पिल्लू पळवले होते, असे पुरोहित पिंगलाने ठणकावून सांगितले. चौथ्या दिवशी काळ्या पिल्लाचा बळी द्यायचे ठरले आणि मादीचे कातडे सिंहासनावर अंथरण्यासाठी रोहकाकडे आले.

रोहकाने ते खरवडून, ताणून अंगणात वाळत घातले. तिसऱ्या दिवशी ऊन कलले आणि त्याच्या हातातली सुरीच गळून पडली. काळ्या केसांत ठिपके होते. अगदी देवीच्या वाहनाचे असतात तसेच.

बोलावे तर राजाच गुन्हेगार ठरत होता, मग रोहकाचे डोके काही धडावर राहत नव्हते. गप्प बसावे तर उद्या पिल्लू मरणार. शेवटी कातडे खांद्यावर टाकून तो दरबारात गेला.

"महाराज, हे तिरप्या उन्हात पाहावे."

राजाने सज्जात येऊन पाहिले आणि तो पांढराफटक पडला.

"ही करणी आहे," पिंगल म्हणाला.

"मग पिल्लांनाही उन्हात आणा," रोहक म्हणाला.

पिल्ले आणली. काळ्याच्या अंगावरही ठिपके दिसले. सोडताच दोन्ही पिल्ले धडपडत त्या कातड्यावर गेली आणि दूध शोधू लागली. ते पाहून सगळी सभा हादरून गेली.

राजाने उजवा हात पुढे केला. "कायदा माझाच आहे. तोडा."

"हात तोडून यांचे पोट भरणार नाही, महाराज," रोहक म्हणाला. "त्याच हाताने यांना दूध पाजा."

राजा तिथेच जमिनीवर बसला. शेळीच्या दुधात बोळा भिजवून त्याने तो आधी काळ्या पिल्लाच्या तोंडात दिला.

एवढी गोष्ट सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, समोर बसलेल्या सुजात नावाच्या यजमानाकडे वळले. मग म्हणाले, "पिंगल अजून जन्म घेत फिरतो आहे. रोहक मी होतो आणि त्या जन्मी मी सत्यपारमिता, म्हणजे सत्य न सोडण्याचे व्रत, जपली. राजा तू होतास, सुजाता. आणि आज सकाळी रंगावरून हिणवून ज्या भिक्षूला तू पंगतीतून उठवलेस, तो ते काळे पिल्लू होता."