हरणांचं चाटण आणि डोमाचा कागद

जंगलाला लागून एक गाव होतं आणि त्या गावात डोमा नावाचा एक भोळा वनमजूर होता. इतका भोळा, की सांगितलेलं काम तो सांगितल्याप्रमाणेच करायचा. सरकारी कामात याहून मोठा दोष नाही.

अकरा वर्षं तो रोजंदारीवर होता. आता कुठं त्याच्या कायम नोकरीचा कागद तयार झाला होता. मोठ्या साहेबांची सही तेवढी बाकी होती आणि साहेब महिनाअखेरीस जंगल बघायला येणार होते. डोमाची बायको पार्बता रोज सकाळी डबा हातात देताना बजावायची, "तेवढी सही होऊ दे. तंवर आपल्या मनानं काही करू नोको."

डोमा म्हणायचा, "मी कुठं मनानं करतो वं? सांगतात तेच करतो."

अशात खात्याकडे विटा आल्या. घर बांधायच्या नव्हेत, हरणांनी चाटायच्या. मीठ आणि खनिजं दाबून केलेल्या. वनपाल भोयरसाहेबांनी पहिली वीट डोमाच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "जिथं सगळे जनावरं जमा होतात ना, तिथं नेऊन ठेव."

सगळी जनावरं कुठं जमतात? गावच्या आखरावर. रोज सकाळी गुराखी येईपर्यंत तिथंच उभी असतात. डोमानं वीट आखरावर ठेवली. शंभर गुरांनी ती चाटली. त्यात सरपंचांचा बैल होता आणि बैलाला लाळ्या-खुरकूत झालेली होती.

भोयरसाहेबांनी कपाळावर हात मारला. "अबे, बिमार जनावरानं चाटलेली वस्तू म्हणजे रोगाचं घर! ते छातीभर गड्डा खोदून, चुना टाकून पुरून टाकायचं असते. समजलं?"

"समजलं जी. आता तसंच करतो."

आणि डोमानं शब्द पाळला. दुसरी वीट त्यानं पाणवठ्यावर नेली. संध्याकाळी एक चितळ आलं, चाटून गेलं. डोमानं लगेच छातीभर खड्डा खोदला, चुना टाकला, वीट पुरली. दुसऱ्या दिवशी नवी वीट, सांबर, खड्डा. आठवड्यात सात विटा जमिनीत गेल्या. हरणं यायची, जमीन हुंगायची आणि डोमाच्या तोंडाकडं बघत उभी राहायची.

"अबे, हरणं तर चांगले होते! काहून पुरल्या?" भोयरसाहेब ओरडले.

"बिमार हाय का चांगलं हाय, हे मले कसं समजन जी?"

प्रश्न तसा चांगला होता. पण मजुराच्या प्रश्नाला कोण विचारतो! भोयरसाहेब म्हणाले, "ते सोड. पुरायचं नाही. गावच्या गुरांचं तोंड पोचणार नाही इतक्या उंच ठेव, बस."

"समजलं जी. आता तसंच करतो."

आणि डोमानं शब्द पाळला. ऐनाच्या सगळ्यात उंच झाडाच्या शेंड्याला त्यानं वीट बांधली. गुरांचं तोंड पोचलं नाही. हरणांचंही पोचलं नाही. माकडं मात्र चार दिवसांत टुमटुमीत झाली.

पाचव्या दिवशी गुरांच्या डॉक्टर मॅडम आल्या. त्यांनी झाडाकडं पाहिलं आणि भोयरसाहेबांना विचारलं, "साथ आहे तोवर चाटण ठेवूच नका, असं मी तीन पत्रांत लिहिलंय. सगळी जनावरं एकाच जागी तोंड लावतात. एका हरणाला लागण झाली तर अख्खा कळप जाईल. विटा कशाला ठेवताय?"

"मॅडम, मोठ्या साहेबांना चाटणाजवळ फोटो काढायचा आहे," भोयरसाहेब म्हणाले. "आणि विटा आल्या तर संपवा लागतात."

मॅडमनी त्यांचा नाद सोडला आणि त्या डोमाकडं वळल्या. "तू तरी ऐक. आजारी जनावर कसं ओळखायचं? तोंडातून लाळ गळते. लंगडत चालतं. खाणं टाकतं. हात लावला की ओरडतं. असं कुणी दिसलं की थेट कोंडवाड्यात घालायचं, पाय लाल दव्यात बुडवायचे आणि एकवीस दिवस सोडायचं नाही. मालक कितीही मोठा असो!" मॅडमच्या डोळ्यांपुढं सरपंचांचा बैल होता.

"समजलं जी मॅडम. आता तसंच करतो."

महिनाअखेर आली. मोठे साहेबही आले. सोबत दोन पत्रकार, कॅमेरा आणि डोमाचा कागद. साहेबांच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता आणि त्याची लाल लाळ हनुवटीवरून खाली येत होती. बूट नवे होते, चावत होते, म्हणून साहेब लंगडत होते. भोयरसाहेबांनी कोंबडीचा रस्सा पुढं केला. साहेबांनी ताट सारलं. "तोंड आलंय. तिखट चालत नाही."

डोमा बघत होता. लाळ झाली. लंगडणं झालं. खाणं टाकणंही झालं. त्यानं हळूच साहेबांच्या दंडाला हात लावला.

"अरे ए! हात काय लावतोस?" साहेब ओरडले.

चारी खुणा पटल्या. डोमाला फार वाईट वाटलं, पण हरणांचा अख्खा कळप जाईल हे मॅडमचे शब्द त्याच्या कानात होते. भोयरसाहेब पत्रकारांना चहा द्यायला वळले तेवढ्यात डोमा म्हणाला, "चला जी साहेब, तुमची जागा तयार हाय." साहेबांना वाटलं, फोटोची जागा. ते लंगडत गेले. मागून कोंडवाड्याची कडी लागली. मग लाल दव्याची बादली बुटांवर रिकामी झाली.

आरडाओरडा ऐकून भोयरसाहेब धावत आले. "डोमा! सोड त्यांना! अबे, हेच तर सगळ्यांचे मालक आहेत!"

"मंग तर बिलकुल सोडत नाही जी. मालक मोठा असला तरी सोडू नोको, असं मॅडमनं सांगितलं."

शेवटी मॅडमना बोलावून आणलं, तेव्हा कुठं कडी निघाली. पत्रकार भराभर लिहून घेत होते. मॅडम त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "साहेब, तीन पत्रं लिहिली. या जिल्ह्यात माझं सांगणं पाळणारा हा एकच माणूस निघाला."

साहेबांचा चेहरा दव्याहून लाल झाला. पण कॅमेरा समोर होता. त्यांनी दात दाखवले, डोमाच्या पाठीवर थाप मारली, कागदावर तिथंच सही केली आणि कागद लिफाफ्यात घातला. मग लिफाफ्याची गोंदाची कड जिभेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत ओली करून चिकटवली आणि लिफाफा डोमाच्या हातात दिला.

लिफाफ्यावर लाल ओघळ होता. डोमानं तो पळसाच्या दोन पानांत धरला.

संध्याकाळी पार्बता दारातच उभी होती. बातमी गावभर झाली होती. "झाली ना सही? कुठं हाय कागद?"

डोमाचे हात कोपरापर्यंत मातीनं आणि चुन्यानं माखले होते. त्यानं पाणवठ्याकडं बोट दाखवलं.

"छातीभर गड्डा खोदला," तो म्हणाला. "मॅडमनं भिडेपोटी साहेबाले सोडलं, पण चाटलेलं कोणाच्या तोंडी लागू द्याचं नसते."

पार्बतानं कुदळ उचलली. ती पाणवठ्याकडं पळत सुटली.

डोमा मागून ओरडला, "अवं, आत्ता नोको उकरू! एकवीस दिवस तरी थांब!"