राणीचं पातेलं आणि आरशातली द्यूतशाळा

एका राज्यात एक अजब रीत होती. कुणाचं भांडं घरी आलं, तर ते रिकामं परत करायचं नाही. जेवढं भरून आलं, तेवढंच भरून धाडायचं. रीत मंतरलेली होती. जो मोडेल, त्याचा हात भांड्याला चिकटे. एकदा सेनापती शेजारणीची कढई हाताला घेऊन अख्खी लढाई लढले. जिंकलेही, पण ते असो.

त्या राज्याचा राजा भद्रसेन, राणी कुमुदिनी. राणीची चाळिशी उलटलेली, बुद्धी तल्लख, असं तिचं स्वतःचं मत. फक्त स्वयंपाकाचा अंदाज तिला कधी आला नाही. दोघांपुरता शिरा करायला घ्यावा, तर गावजेवण उठावं.

एके दिवशी महालात उडत उडत एक आरसा आला आणि भिंतीला चिकटला. आरशात द्यूतशाळा, रत्नांचे फासे, आणि मालक झगमगनाथ मांत्रिक. त्याचा चेहरा कुणाला दिसत नसे. आवाज मात्र पाकात घोळलेला. आचारी खेळला, जिभेची चव हरला. प्रधानजी खेळले, झोप हरले. राजा खेळला, पहिल्या डावात शंभर हत्ती जिंकला आणि दुसऱ्या डावात स्वतःची सावली हरला.

सावली गेलेला माणूस पौर्णिमेचा चंद्र उगवला की विरून जातो. पौर्णिमा उद्यावर आलेली. राजाची पावलं आत्ताच ताकासारखी पातळ दिसत होती.

"महाराज, हत्ती कुठे आहेत?" राणीने विचारलं.

"आरशात. आपलेच आहेत."

"मग बाहेर का येत नाहीत?"

"येतील हो. उद्या आवाज पणाला लावतो, सावली सोडवतो, मग सगळं एकदमच आणू."

राणीने कपाळाला हात लावला. तेव्हा तिची साळुंकी बोलली, "बाईसाहेब, द्यूतशाळा खरी की खोटी, ते तीन गोष्टींनी कळतं. मालकाचं घर शोधा. जिंकलेल्यांना गाठा. आणि जिंकलेलं काहीतरी, छोटंसं का होईना, बाहेर आणून बघा."

"हे महाराजांना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, पाखरांना व्यवहार कळत नाही."

राणीने आरशाला घर विचारलं. आरसा म्हणाला, "सात समुद्रांपलीकडे, आठव्या बेटावर, शिंपल्यात." साळुंकी रातोरात उडाली, पौर्णिमेच्या सकाळी बघून आली. "शिंपला आहे. आत हजार नावांच्या पाट्या आहेत, माणूस एकही नाही."

मग जिंकलेले. आरशाच्या चौकटीवर हिरवे पोपट बसले होते. "मी जिंकलो! माझं दैव उघडलं! तुम्हीही या!" राणीने एकेकाला विचारलं. शब्द तेच, आणि "दैव" म्हणताना प्रत्येकाला ठसकाही तोच.

तिसरी गोष्ट. राणी खेळायला बसली आणि एक डाळिंब जिंकली. लगेच तिला वाटलं, आपला हात काही वाईट नाही. दुसरा डाव मांडणार, तोच साळुंकीने तिचं बोट चावलं.

"माझं डाळिंब द्या," राणी म्हणाली.

"अवश्य," आवाज म्हणाला. "आधी आणखी सात डाव खेळावे. मग ओळख पटवावी. आपण राणीच, कशावरून?"

"महाराजांना विचारा."

"महाराज गुडघ्यापर्यंत विरले आहेत. अर्ध्या माणसाची साक्ष चालत नाही."

म्हणजे तिन्ही परीक्षांत द्यूतशाळा नापास. पण कळून उपयोग काय? राजा विरतच होता. चंद्र उगवायला घटकाभर उरला. राणीला काही सुचेना, आणि सुचेनासं झालं की ती शिरा करी. केला. नेहमीसारखाच पातेलं भरून वर उरला.

तो घेऊन ती आरशापुढे आली. "उद्या महाराज नसतील," ती म्हणाली. "आज शेवटचं म्हणून गोड खाऊन घ्या."

फुकट आलेलं झगमगनाथाने आजवर कधी सोडलं नव्हतं. आरशातून अंगठ्यांनी भरलेला हात आला, पातेलं आत गेलं. चमचा खडखडला. मग पातेलं परत आलं. चाटूनपुसून रिकामं. मागोमाग हातही आला, कोपरापर्यंत.

"हे काय? सुटत का नाही?"

"आठव्या बेटावर राहता, इथली रीत कशी कळणार?" राणी शांतपणे म्हणाली. "भरून द्या, सुटेल. काठोकाठ. मी काठोकाठच दिलं होतं."

मांत्रिकाने दुसऱ्या हाताने हत्ती टाकले. धूर झाला. रत्नं टाकली, धूर झाला. त्याच्या घरात खरं असं एकच होतं, लोकांचं नेलेलं. आचाऱ्याची चव टाकली, तळही झाकेना. प्रधानजींची झोप टाकली. साऱ्या नगरीचं टाकलं, तरी चार बोटं उणंच. शेवटी रडत रडत त्याने राजाची घडी घातलेली सावली वर ठेवली. पातेलं भरलं, हात सुटला, पोपट उडाले, आरसा विझला.

राणीने सावली झटकून राजाच्या पायाशी अंथरली. राजा पुन्हा घट्ट झाला. चंद्र उगवला. प्रधानजी उभ्या उभ्या घोरू लागले. आचाऱ्याने उरलेला शिरा चाखला आणि राज्यात प्रथमच कुणीतरी राणीला तोंडावर सांगितलं, "साखर कमी आहे."

आता आरशात फक्त समोरचं दिसे. राणीने डोकावलं, तीन पांढरे केस दिसले. निदान हा खरं बोलतो, असं म्हणून तिने तो ठेवून घेतला.

"राणी," राजा हळूच म्हणाला, "माझे हत्ती?"

राणीने त्याच्या हातात रिकामं पातेलं दिलं. "घासून आणा."

जसं त्यांचं त्यांना मिळालं, तसं तुमचं तुमच्यापाशी राहो.