झाडून काढलेली देवराई

ज्या काळी पर्वतांची उंची कोणी मोजली नव्हती, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट आहे. लहानांनी ती ऐकावी. थोरांनी तिच्यावर विचार करावा.

हिमशिखरांच्या पायथ्याशी एक गाव होते. गावाच्या माथ्यावर देवराई होती. तिच्यात सुईसारख्या पानांचे सरळसोट वृक्ष उभे होते. त्या एका डोंगरावाचून जगात ते कुठेच उगवत नसत. हिवाळ्यात वरून बर्फाचे लोट सुटत आणि या वृक्षांच्या खोडांवर अडत. म्हणून गाव त्यांना देव मानी आणि त्यांच्यावर कुऱ्हाड चालवणे महापाप समजे.

कुऱ्हाड कोणी चालवली नाही. तरीही वृक्ष कमी होत गेले.

त्या गावात सेवेची रीत कडक होती. रोज पहाटे पाळीच्या घराने देवराई झाडून काढायची. गळलेली पाने, साली आणि काटक्या टोपल्यांत भरून पलीकडच्या घळीत टाकायच्या. जमिनीतून एखादा कोंब वर आला, तर तोही तण म्हणून उपटायचा. दुसरी रीत नैवेद्याची. त्या वृक्षांच्या शंकूसारख्या फळांत गोड बिया असत. पाखराची चोच लागली तर नैवेद्य उष्टा होईल, म्हणून फळे उमलण्यापूर्वीच उतरवून घेत. बियांसाठी एक ठिपकेदार पाखरू येई. त्याला गोफणीने हाकलून लावीत.

देवराईचा पुजारी या रीतींचा कठोर रक्षक होता. “देवाच्या अंगणात काडी राहिली, तर ती माझ्या डोळ्यात गेली असे समजा,” असे तो म्हणे.

एका वसंतात वादळ झाले. राईच्या मधोमध असलेले जुने वृक्ष उन्मळून पडले आणि तेथे मोठे खिंडार झाले. खिंडाराच्या बरोबर खाली वरची आळी होती. तिच्यातले पहिले घर पुजाऱ्याच्या मुलीचे होते. तिच्या मांडीवर तान्हे मूल होते.

मुलगी म्हणाली, “बाबा, येत्या हिवाळ्यात बर्फ कोण अडवणार?”

“ज्याची आपण सेवा केली, तो.”

“तो तर आडवा पडलाय.”



गावाने खिंडारात नवी झाडे लावण्याचे ठरवले. रोपांसाठी माणसे राईभर हिंडली. म्हातारे वृक्ष होते. तरणा एकही नव्हता. मग नैवेद्यासाठी ठेवलेल्या बिया पेरल्या. बहुतेक बिया कच्च्याच उतरवलेल्या होत्या, त्या कुजल्या. ज्या थोड्या रुजल्या, त्यांचे कोंब उघड्या, टणक भुईवर उन्हाने करपले.

एक म्हातारा मेंढपाळ म्हणाला, “गुरुजी, तुमचं अंगण इतकं स्वच्छ, की देवाच्या लेकरांनाही तिथं पाय ठेवायची भीती वाटते.” लोक हसले. पुजारी हसला नाही.

तो अन्न सोडून देवराईत बसला. शरद ऋतू लागला होता. ते ठिपकेदार पाखरू समोरच्या फांदीवर येऊन बसले. पुजाऱ्याने सवयीने गोफण उचलली.

पाखरू म्हणाले, “मारायचं तर मारा. पण आधी घळ बघून या.”

“घळीत काय आहे? आमचा केर.”

“तुमचा केर आणि आमच्या बिया. शेंड्यावर तुमचा हात पोचत नाही. तिथली फळं आम्हाला मिळतात. थोडं खातो, पुष्कळ पुरून ठेवतो, आणि कुठं पुरलं ते विसरतो. गुरुजी, देवानं हे वन आमच्या विसराळूपणावर सोपवलंय. तुम्ही मात्र काही विसरत नाही, आणि मागं काडीही ठेवत नाही.”

पुजारी घळीत उतरला. तेथे कुजलेल्या, ओलसर पानांच्या जाड थरातून गुडघ्याएवढी रोपे वर आली होती. ज्याला तो जन्मभर केर म्हणत आला, ते त्या झाडांचे अंथरूण होते. तो तेथेच गुडघे टेकून बसला आणि त्याने क्षमा मागितली.

गाव जमवून त्याने सांगितले, “आजपासून देवराईत झाडू नेऊ नये. कोंब उपटू नये. निम्मी फळे झाडावरच पिकू द्यावीत, ती पाखरांची.”

“म्हणजे देवाला उष्टं खायला घालायचं?” एकाने विचारले.

“पाखरू कोणाचे आहे?” पुजारी म्हणाला.

ज्या टोपल्यांतून केर घळीत गेला होता, त्याच टोपल्यांतून तो वर आणला आणि खिंडारात पसरला. काही रोपे मुळांच्या मातीसकट आणून त्यात लावली. परंतु ती जात सावकाश वाढणारी. एका हिवाळ्यात तिचे खोड होत नाही. पुजाऱ्याने ते ओळखले आणि वरची आळी रिकामी करवली. लोक कुरकुरले, मुलगी रडली, त्याने कोणाचे ऐकले नाही.

त्या हिवाळ्यात बर्फ खिंडारातून उतरले. माणसे वाचली. घरे वाचली नाहीत.

बर्फ वितळल्यावर रोपे वाकलेली, पण जिवंत सापडली. मुलगी आपल्या घराच्या दगडांपाशी उभी होती. तिने विचारले, “बाबा, आम्ही इथं परत कधी राहायला यायचं?”

पुजारी म्हणाला, “तू येणार नाहीस. तुझ्या मुलाची नातवंडे येतील.”

तिने मुलाला छातीशी धरले आणि ती खालच्या वाटेला लागली. पुजारी तिच्यामागून गेला नाही. आपल्या सेवेचे फळ पाहत तो तेथेच उभा राहिला.

तात्पर्य: ज्याची सेवा करायची त्याची गरज न ओळखता केलेली सेवा त्याचाच घात करते, आणि तिचे प्रायश्चित्त पुढच्या पिढ्यांना भोगावे लागते.