विसरलेल्या पेंढीतली परी

रिम्मोन गावात डाळिंबांना तोटा नव्हता, पण तिर्साच्या घरात पिठाचा फार तोटा होता. मडकं उलटं करून तळ थोपटला, की कुठे चिमूटभर पीठ पडायचं. तिर्साचे बाबा दोन वर्षांपूर्वी वारले होते आणि तिची आई आदा आठ दिवसांपासून तापाने अंथरुणाला खिळली होती.

तिर्सा नऊ वर्षांची होती आणि भारी लाजरी. विहिरीवर बायकांनी विचारलं, "काय गं तिर्सा, आईला बरं आहे का?" तर ती नुसती मान हलवायची. ती मान 'हो' म्हणाली की 'नाही', हे कुणालाच कळत नसे. पण तिच्या काळ्याभोर डोळ्यांतून काही सुटत नसे आणि कानावर पडलेलं ती कधी विसरत नसे.

इस्राएलाच्या त्या डोंगराळ मुलखात एक जुनी रीत होती. गहू कापताना शेताचे कोपरे तसेच सोडायचे. खाली पडलेल्या ओंब्या उचलायच्या नाहीत. आणि एखादी पेंढी शेतात विसरलीच, तर तिच्यासाठी मागे वळायचं नाही. हे सगळं विधवांचं, अनाथ लेकरांचं आणि परक्या मुलखातून आलेल्यांचं. ते मागून येऊन हा सरवा वेचायचे.

पण त्या वर्षी पाऊस कमी झाला. गावातल्या सगळ्यात मोठ्या शेताचा मालक हनोख याने विळा थेट बांधापर्यंत चालवला.

"यंदा कोपरे नाहीत," तो म्हणाला. "माझीच कोठारं भरत नाहीत, तर मी कुणाकुणाला पुरणार?"

सरवा वेचणारे हिरमुसून परत गेले. मागे उरल्या दोघीच. एक तिर्सा आणि दुसरी मवाब देशातून आलेली म्हातारी शूआमावशी. मावशी गुडघे धरून अंजिराच्या झाडाखाली बसली. तिची टोपली अगदी रिकामी होती.

"जा गं पोरी, घरी जा," मावशी म्हणाली. "धसकटांची काही भाकरी होत नाही."

"एकदा बांध बघून येते," तिर्सा हळूच म्हणाली.

आणि बांधाशी, निळ्या रानफुलांच्या आड, तिला एक पेंढी दिसली. सोनेरी, गुबगुबीत, आपलं सगळं अंग उन्हात शेकत पडलेली! कापणारे तिला विसरून गेले होते. तिर्साने हात पुढे केला, तोच पेंढीतून मधमाशीसारखी गुणगुण ऐकू आली. ओंब्या बाजूला सारून एक इवलीशी परी बाहेर डोकावली. अंगठ्याएवढी! तिचा झगा पिकल्या गव्हाच्या रंगाचा होता, गळ्यात दवबिंदूंची माळ होती आणि पंख असे तलम, की त्यांतून पलीकडचं आभाळ दिसावं.

"घाबरू नकोस," परी म्हणाली. "मी विसरलेल्या पेंढीची परी. मला शोधायला तुझ्यासारखीच बारीक नजर लागते. या तीन ओंब्या घे. एकेक ओंबी चोळ आणि एकेक इच्छा माग. पण नियम आहेत हं!"

तिर्साने मान हलवली.

"इच्छा मोठ्याने बोलायची. एकदा मागितलीस, की खरी झाली का ते पाहायला, मी सांगेपर्यंत मागे वळायचं नाही. आणि जो ही पेंढी विसरला, त्याने ती परत नेली, तर सगळ्या इच्छा मोडतील आणि मीही विझून जाईन."

"असे नियम कुणी केले?" तिर्साने विचारलं.

परी खुदकन हसली. "तुझ्याच लोकांकडून शिकले की!"

तिर्साने पहिली ओंबी चोळली. "माझ्या आईचा ताप उतरू दे." तळहातातून सोनेरी ठिणग्या उडाल्या आणि गावाकडे भुर्रकन गेल्या. तिला वळून पाहायची इतकी घाई झाली की मान दुखायला लागली. पण ती वळली नाही.

दुसरी ओंबी चोळून ती म्हणाली, "शूआमावशीची टोपली भरू दे." तिच्या पाठीमागून मावशीचा आवाज आला, "अगो बाई! हे काय!" तरी तिर्सा वळली नाही. गालातल्या गालात हसली मात्र.

एवढ्यात समोरून, खळ्याच्या वाटेने, हनोख झपाझप चालत आला.

"एकशे एकोणीसच भरल्या! एक पेंढी राहिलीच कुठेतरी," तो पुटपुटत होता. मग ती त्याला दिसली. "ही बघा! सोड गं पोरी, माझी आहे ती."

त्याने पेंढीला हात घातला. परीच्या पंखांचा रंग फिकट झाला. तिर्साला वाटलं, आता घरी आईचा ताप पुन्हा चढत असेल.

"तिसरी ओंबी!" परी कुजबुजली. "लवकर! त्याचा दगड होऊ दे म्हण!"

तिर्साने ओंबी मुठीत धरली. पण हनोखच्या चपलेचा बंद तुटून सुंभाने बांधलेला तिला दिसला. त्याचे थकलेले खांदे दिसले.

"नको," ती परीच्या कानाशी कुजबुजली. "मग त्याच्या लेकरांना भाकरी कोण देईल?"

तिने ओंबी ओढणीच्या टोकाला बांधली. मग ती सरळ उभी राहिली आणि बोलली.

"हनोखकाका, ही पेंढी तुमची नाही."

हनोख बघतच राहिला. "अरेच्चा! तुला बोलता येतं?"

"तुम्ही ती विसरलात आणि मागे वळलात. आपल्यात मागे वळत नाहीत, काका. वेशीत देवाचा निरोप सांगणारे संदेष्टे अबीएल बोलत होते ना, तेव्हा लोक त्यांच्या केसाळ झग्याला हसत होते. मी ऐकत होते. ते म्हणाले, आपण मिसर देशात गुलाम होतो. राजासाठी विटा थापत होतो. विटांच्या चिखलात कालवायला भुसासुद्धा कुणी दिला नाही, म्हणून आपले पूर्वज दुसऱ्यांच्या शेतांत धसकटं वेचत रानोमाळ फिरले. तेव्हा आपल्यासाठी कुणी कोपरा सोडला नव्हता. म्हणून आपण सोडतो. ज्या लोकांना हे आठवतं, ते आपण आहोत. तुम्हीसुद्धा आहात, काका."

वारा थांबला. अंजिराचं पानही हललं नाही. हनोखने धसकटांनी भरलेल्या आपल्या शेताकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. हळूहळू त्याने पेंढी सोडली.

"माझे आजोबा दर हंगामात हेच सांगायचे," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पेंढी विसरलो ते ठीक, पण मी आजोबांनाच विसरलो की गं." मग खळ्याकडे तोंड करून तो ओरडला, "अरे ए! चारी कोपऱ्यांच्या पेंढ्या परत आणा रे! आणि वेशीत हाक द्या, सरवा वेचायला या म्हणावं!"

परीचे पंख पुन्हा लखलखले. "अजून एक इच्छा उरली आहे, तिर्सा. सोन्याचं घर माग. रेशमी झगा माग."

तिर्साने गाठ सोडली, ओंबी चोळली आणि मोठ्याने म्हणाली, "दर हंगामात प्रत्येक शेतकरी निदान एक पेंढी विसरू दे."

परी आनंदाने गरकन फिरली. "आणि काकांना म्हणालीस ते शब्द! ते मी दिले नव्हते बरं. ते तुझेच होते. आता वळ!"

पेंढीतून लख्ख सोनेरी उजेड उसळला, डाळिंबाची लाल फुलं त्यात क्षणभर दिव्यांसारखी पेटली, आणि परी दिसेनाशी झाली.

तिर्सा वळली. शूआमावशीच्या काठोकाठ भरलेल्या टोपलीशेजारी तिची आई उभी होती. आपल्या पायांवर, ताप उतरून घामाने ओल्या झालेल्या केसांनी, ताठ मानेने.

"तिर्सा," आई म्हणाली, "मी वाटेतच होते, तोवर इथून आवाज ऐकला. इतका खणखणीत! कुणाचा गं तो?"

तिर्साने या वेळी नुसती मान हलवली नाही.

"माझा, आई," ती म्हणाली.

आणि तेव्हापासून रिम्मोनचे शेतकरी पेंढ्या कितीही नीट मोजोत, बांधाशी एक राहतेच. तिच्यासाठी कुणी मागे वळत नाही.