पानावर काय उरलं

पाण्याला अजून वाचा होती, तेव्हाची ही गोष्ट. वैजयंताबाईंचा पाळलेला, रंग बदलणारा घोयरा सरडा तहानेने कासावीस झाला होता. पिंजऱ्यात वाटी भरलेली होती, पण साचलेलं पाणी त्याला कळतच नसे. पानावर थेंब चमकला, तरच तो जीभ लावी. त्याची तगमग पाहून बाईंनी तीन तऱ्हेचं पाणी आणलं आणि तिथेच भांडण जुंपलं.

"मी थेट जमिनीच्या पोटातून आलोय," बोअरचं पाणी म्हणालं.

"माझ्यात वाळा घातलाय! पाहुणे मागून मागून पितात," माठातलं पाणी म्हणालं.

फिल्टरचं पाणी गप्प होतं. सरड्याचा एक डोळा इकडे, दुसरा तिकडे. घसा मात्र कोरडाच.

"माझ्या पानांवर बसा," पिंजऱ्यातली जास्वंद वैतागून म्हणाली. "वाळल्यावर बघू."

बाईंनी वेगवेगळ्या पानांवर फवारे मारले. पानं वाळेपर्यंत बाईंनी अडवून धरलेला सरडा दूरच्या फांदीवर येरझारा घालत राहिला. पहिल्या पानावर पांढरे डाग उरले, दुसऱ्यावर वाळ्याचा उग्र वास. तिसरं पान होतं तसंच हिरवं राहिलं. बाईंनी तेच पाणी पुन्हा फवारलं, तसा सरडा अधाशासारखा थेंब टिपू लागला.

"पण फिल्टरच्या पाण्यानं मागे ठेवलं काय?" माठातलं पाणी फणकारलं.

"तहान भागलेला सरडा," जास्वंद म्हणाली.